दुष्काळात धुतलेले विमान

प्रिय रेवा आणि निखिल,

तुमच्या मामाने तुम्हांला सांगितले आहे की आजी विमानातून उडी मारून वाचली. ते खरे नाही. उडी मारायला मला दाराची कडीसुद्धा सापडली नव्हती. विमानाचे तुकडे तुकडे झाले, हेही खरे नाही. मामाचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे त्याच्या गोष्टीत दर वर्षी विमान आणखी उंच जाते.

आमच्या कॉलनीतली एक मुलगी मणक्याच्या दुखापतीने सध्या अंथरुणावर आहे. तिची आई मला म्हणाली, "काकू, तुम्ही कसं सोसलंत ते हिला सांगा ना." तिच्यापाशी बसून सांगताना वाटले की हे तुमच्यासाठीही नीट लिहून ठेवावे. वैद्यकीय भाग फारसा लिहीत नाही. तो डॉक्टर जास्त चांगला सांगतात.

चेअरमनसाहेबांची कल्पना

बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडे, आमचा सहकारी साखर कारखाना होता. चिमणी होती, क्वार्टर्स होत्या, शाळा होती, ऊस नव्हता. मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा कारखान्याचे ऊसविकास अधिकारी होते, पण विकास करायला ऊसच नाही म्हटल्यावर त्यांना आष्टीकडच्या गुरांच्या छावणीवर पाठवले होते. घरी मी, माझ्या सासूबाई आणि तीन वर्षांची तुमची आई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. तुमच्या आईला सगळे बेबी म्हणत.

जुने ओढे कुठून वाहायचे आणि बंधारे कुठे घालावेत हे आकाशातून पाहिले तर चटकन कळेल, असे आमच्या चेअरमनसाहेबांच्या मनाने घेतले. त्यांनी कुठल्याशा फ्लाइंग क्लबाकडून एक लहान विमान वैमानिकासकट मागवले. एकच इंजिन, डोक्यावर पंख, आत अगदी मोटारीसारखी बसायची जागा. कारखान्यामागच्या माळावर रोलर फिरवून धावपट्टी तयार केली. वैमानिक मद्रासकडचे होते. आम्ही त्यांना कॅप्टन म्हणायचो. त्यांना मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम येत होते.

आदल्या दिवशी चेअरमनसाहेब शाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, उद्या तुमी बसा विमानात."

"मी?"

"तुमचं इंग्लिश पक्कं हाय. आन् तुमच्या साहेबांचा ओढ्यांचा नकाशा तुमीच काढलेला हाय. कॅप्टनला समजून सांगायला दुसरं कोण हाय आपल्याकडं?"

"तुम्ही नाही येणार?"

"माझं वजन लई हाय, बाई. विमान लहान हाय." मागे उभ्या असलेल्या शिपायाने हसू दाबले.

घरी आत्याबाईंनी भाकरी थापता थापता विचारले, "कावून जायचंय तुला? जमिनीवर काय कमी हाय?"

मी म्हटले, "वरून छावणी दिसली तर तुमच्या लेकाला हात करीन."

त्या हसल्या नाहीत.

गणपतने घातलेली आंघोळ

सकाळी मी माळावर पोचले तेव्हा अर्धा गाव तिथे होता. विमान ओलेचिंब आणि लखलखीत होते. कारखान्याचा जीप ड्रायव्हर गणपत स्टुलावर चढून पंखावर बादलीने पाणी ओतत होता. शेजारी टँकर उभा होता. बायका रिकाम्या घागरी कडेवर घेऊन ते पाणी मुरमात जिरताना बघत होत्या. पण गणपतच्या एका दोस्ताला राहवले नाही.

"लई पाणी घालायलास बे. इमान उगवायचंय का?"

"पाव्हणा हाय त्यो," गणपत वरूनच म्हणाला. "येवढ्या लांबून आपल्यासाठी धूळ खात आलाय. तसाच पूजेला बसवू का?"

कॅप्टन तेव्हा तिथे नव्हते. त्यांनी उजाडताच इंजिन तपासले होते. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या नळीत घेऊन उजेडात पाहिले होते. मग चेअरमनसाहेब त्यांना पोहे खायला घेऊन गेले. आंघोळ त्यानंतरची. ते परत आले तोवर विमान पुसून कोरडे झाले होते, नाकावर कुंकवाचे स्वस्तिक आले होते, पंख्याला झेंडूचा हार होता. त्यांनी हसून हार तेवढा काढायला लावला. नारळ फुटला. चाकांखाली लिंबे ठेवली गेली आणि आम्ही ती चिरडून निघालो.

बांध

विमान उठले. खाली चिमणी, शाळा, क्वार्टर्स तिरपी झाली. मी नकाशा उघडला. तेवढ्यात इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि बंद पडले.

आवाज थांबला की विमान थांबेल असे मला वाटले. तसे होत नाही. वाऱ्याचा सूं असा आवाज राहतो, आणि समोरचा पंखा काठीसारखा उभा दिसतो. आम्ही फार तर तीन-चार ताड उंच असू. कॅप्टननी विमानाचे नाक खाली दाबले. मी मागे वळून धावपट्टीकडे हात केला आणि ओरडले, "मागे वळा, मागे!"

ते इंग्रजीत, वर्गात फळ्याकडे पाहून बोलावे तसे शांतपणे म्हणाले, "वळलो तर पडू. समोरच जायचं."

समोर उसाची शेते होती. दुसऱ्या कोणत्याही वर्षी तिथे पुरुषभर उंच ऊस असता आणि मी हे लिहायला राहिले नसते. त्या वर्षी सगळे उघडे रान होते. दुष्काळाचे आभार मानणे माझ्याच्याने होत नाही. पण ते रान मोकळे होते म्हणून मी आहे, एवढे लिहिणे भाग आहे.

चाके टेकली. पहिला धक्का मोठा नव्हता. मग दुष्काळी कामावर नुकताच घातलेला मातीचा बांध आडवा आला. विमान त्यावरून उडून दाणकन आपटले आणि नाकावर उभे राहिले. माझ्या कमरेत फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो मला ऐकू आला, दुखले नंतर.

बांधावर काम करणाऱ्या बायका घमेली टाकून धावल्या. पेट्रोल ठिबकत होते. कॅप्टनचा हात मोडला होता, तरी ते मला हलवू नका म्हणत होते, आणि ठिबकते पेट्रोल बघून बाहेर काढा असेही म्हणत होते. कौसाबाई नावाच्या बाईने त्यांना बाजूला सारले. "तुमी सरा ओ तिकडं!" बायकांनी एक लुगडे माझ्या अंगाखालून ओढून घेतले, चारी बाजूंनी धरले आणि मला झोळीतल्या मुलासारखे बाहेर काढले. कौसाबाई माझ्या तोंडावर पदराने वारा घालत होती आणि सारखे एकच विचारत होती, "बाई, लेकराचं नाव काय तुमच्या? बोला, नाव सांगा लेकराचं." मी बेशुद्ध होऊ नये म्हणून ती विचारत होती. मी "बेबी, बेबी" म्हणत राहिले. त्या बायकांना मी पुढे नीट भेटले, पण आभार काही मला धड मानता आले नाहीत. त्यांनीच मानू दिले नाहीत.

टाचणी

मला जीपच्या मागच्या भागात बाज टाकून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेले. जीप गणपतने चालवली. प्रत्येक खड्ड्याला तो "आई गं" म्हणायचा. मला म्हणायची गरज पडली नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले. मग एक टाचणी घेतली आणि माझ्या पायांना टोचत गेले.

"इथं कळतंय?"

"हो."

"इथं?"

"हो."

मग ते डाव्या पायाकडे वळले आणि काही विचारीनासे झाले. मी वाट पाहत होते. शेवटी मीच विचारले, "डॉक्टर, टोचा ना."

ते म्हणाले, "टोचतोच आहे."

मुलांनो, आजाराचे निदान म्हणजे एखादा मोठा शब्द असेल असे मला वाटायचे. माझे निदान म्हणजे तेवढे एक वाक्य होते. कमरेचा मणका चेपला होता. मी पुन्हा चालेन का, असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "आज सांगितलं तर ते खोटं ठरेल. सूज उतरू द्या." तेव्हा मला राग आला. आता वाटते, त्यांनी माझी फसवणूक केली नाही हे केवढे उपकार.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मी बेबीला आंघोळ घालायचे, कडेवर घ्यायचे, तिच्यामागे धावायचे. ते आता कोण करणार?

छत

छातीपासून कमरेखालपर्यंत मला प्लास्टर घातले. कूस बदलायची तर दोन आया आणि एक सिस्टर मिळून मला लाकडाच्या ओंडक्यासारखे एकदम वळवत. सकाळी अंग पुसणे, मग राउंड, मग सोलापूरचे ऊन. प्लास्टरच्या आत घाम यायचा आणि खाज सुटायची. सिस्टरने मला विणायची लांब सुई गुपचूप आणून दिली. त्या सुईइतकी कामाची भेट मला लग्नातही मिळाली नव्हती.

शौचाचे भांडे दुसऱ्याच्या हातून घेणे ही गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. पहिले काही दिवस मी पाणी पिणेच कमी केले होते. ताप आला. सिस्टर म्हणाली, "बाई, लाज वाटते तर डोळे मिटा. पाणी मात्र प्या." मी डोळे मिटू लागले. पुढे मिटायचे विसरले.

उताणे पडून मला फक्त छत दिसायचे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने आपला हातआरसा मला दिला. तो वर धरला की खिडकी दिसे, खिडकीतून लिंबाचे झाड दिसे, रस्त्यावरची माणसे उलटसुलट जाताना दिसत. आमच्या कॉलनीतल्या त्या मुलीला मी पहिली गोष्ट आरसाच नेऊन दिली.

तुमचे आजोबा छावणीवरून येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना कडब्याचा वास असे. ते फारसे बोलत नसत. एकदा त्यांनी माझे केस विंचरून वेणी घातली. सिस्टर बघून म्हणाली, "साहेब, ही वेणी आहे की दावं?" ते म्हणाले, "सध्या तेच वळायची सवय आहे." मी हसले, आणि हसताना कमरेतून कळ आली, तरी हसले. पण ते परत गेल्यावर सिस्टरने सांगितले की साहेब जिन्यात बसून रडत होते.

नात्यातल्या एक थोरल्या काकू भेटायला आल्या. मला झोप लागली आहे असे समजून त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "बाई उठली न्हाई तर? पोराचं पुढचं बघायला नको का? वय काय त्याचं."

आत्याबाई आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाय गेलाय तिचा, कान न्हाई गेले. समदं ऐकायली ती. आन् माझ्या पोराचं पुढचं म्हणजे ह्येच, हिथं खाटंवर पडलंय त्ये. चहा घ्या आन् निघा."

मी डोळे उघडले नाहीत. पण उशी ओली झाली ती झालीच.

सगळ्यांत अवघड दिवस बेबीला आणले तो. तिने प्लास्टरवर हात ठेवला, ते कडक आणि पांढरे काहीतरी लागले, आणि ती किंचाळून आत्याबाईंच्या मागे लपली. "ही आई न्हाई," म्हणाली. परत जाईपर्यंत ती माझ्याजवळ आली नाही.

व्हरांड्यातला माणूस

कॅप्टन गळ्यात हात अडकवून भेटायला आले. त्यांनी सरळ सांगितले की पंखातल्या टाकीच्या पेट्रोलमध्ये पाणी गेले होते. "धुतल्यावर मी पुन्हा तपासायला हवं होतं. धुतलंय हे मला दिसत होतं. चूक माझी आहे."

मी विचारले, "पण पाणी आत गेलं कसं? टाकीला झाकण असतं ना?"



याचे उत्तर मला गणपतने दिले. आत्याबाईंना तो जीपने घेऊन यायचा, पण वॉर्डात कधी यायचा नाही. आरशात मला तो व्हरांड्यातल्या खांबाला टेकलेला दिसे. एक दिवस आत्याबाई म्हणाल्या, "त्याला आत बोलव. सुकून चाललाय त्यो. मनात कायतरी हाय त्याच्या."

तो आला आणि खाटेच्या पायथ्याशी, माझ्या त्या डाव्या पायाकडे बघत उभा राहिला.

"बाई, झाकण म्या उघडलतं."

"कशाला रे?"

"कडंला धूळ बसलती. म्हटलं, पुसून घ्यावं. पोळ्याला बैलाचे कान आतून पुसतो ना आपण, तसं. मग लावलं, पर घट बसलं न्हाई वाटतं." त्याने खाटेची कड धरली. "अवंदा पोळ्याला माझ्या बैलांना आंघोळ न्हाई मिळाली. पाणीच न्हाई, तर कुठून घालणार? ओल्या फडक्यानं पुसलं नुसतं. मग ह्या विमानासाठी चेअरमनसाहेबांनी टँकर दिला, तवा मला वाटलं, एक तरी जीव नीट धुवावा. लई मन लावून धुतलं ओ बाई. लई मन लावून."

माझे मन लगेच विरघळले, असे लिहिले तर तुम्हांला बरे वाटेल. पण तसे झाले नाही. मी म्हटले, "गणपत, तू आज जा." तो गेला. सबंध दुपार मी त्या पंखावरून ओघळणारे पाणी आठवत पडले. आमच्याकडे घागरभर पाण्यासाठी बायका भांडत होत्या. सगळ्यांत मोलाची वस्तू होती ती. तीच त्याने पाहुण्याला दिली, आणि हात राखून दिली नाही. माझा पाय त्यात गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी पुसली जात नव्हती.

पुढच्या खेपेला तो पुन्हा व्हरांड्यातच थांबला. मीच हाक मारली, "गणपत, आत ये. बेबी जेवते का नीट? हे खरं सांगेल असा तूच आहेस." तो खाली बसला आणि सांगत राहिला. बेबी जीपचा हॉर्न वाजवते, बेबी आजीला "बे" म्हणायला शिकली. शेवटचे कोणाकडून शिकली, हे त्याने सांगितले नाही.

तेल

आत्याबाई येत तेव्हा माझ्या पायांना तेल लावत. डाव्या पायाला जास्त. डॉक्टरांनी सांगितले नव्हते. त्यांना गरज वाटत होती. मी त्यांना म्हणे, "तिथं मला काही कळत नाही, आत्याबाई. तेल वाया जातंय."

"तुझं तोंड वाया चाललंय," त्या म्हणत. "गप पड."

असेच एका दुपारी त्या तळव्याला तेल चोळत होत्या आणि बोलत होत्या. शेजारणीने चूल कशी फोडली, छावणीत कोणाची म्हैस व्याली. मी आरशातून लिंबाचे झाड बघत होते. आणि मी वैतागून म्हणाले, "आत्याबाई, नका ना, गुदगुल्या होतात."

त्यांचा हात थांबला. मीही थांबले.

"काय म्हणलीस?"

त्यांनी नख माझ्या तळव्यावरून हळूच ओढले. अंगठा हलला. फार थोडा, पण त्या पुढे वाकून बघत होत्या आणि त्यांना दिसला.

त्या उठल्या, तेलाच्या हातांनीच कपाळ पुसले आणि वॉर्डाच्या दारात जाऊन व्हरांड्याकडे ओरडल्या, "गणपत! आरं पळ, डाक्टरला घेऊन ये! हलला! पाय हलला!" तो इतका जोरात धावला की त्याच्या चपला व्हरांड्यातच राहिल्या.

डॉक्टरांनी टाचणी काढली. या वेळी मी "आई गं" म्हणाले. टाचणी टोचल्याचा एवढा आनंद त्या वॉर्डात कोणी पाहिला नसेल.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. पहिल्यांदा उभे केले तेव्हा घेरी येऊन मी सिस्टरच्या अंगावर कोसळले. दोन दांड्यांना धरून चालायला शिकताना मला एक गोष्ट कळली: पुढचे पाऊल पडेल का, हे विचारत बसले तर पाऊल पडत नाही. डावा पाय पुढे पुढे ऐकू लागला, पण पूर्ण कधी ऐकला नाही. तो थोडा ओढत टाकते, हे तुम्ही पाहिलेच आहे. डॉक्टरांनी निघताना कमरेचा चामडी पट्टा दिला आणि बजावले: वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, मूल उचलायचे नाही.

घर

मला घरी आणले तेव्हा श्रावण लागला होता. गणपतने जीप क्वार्टरच्या फाटकाशी लावली, इंजिन बंद केले आणि दार उघडून उभा राहिला. तुमचे आजोबा हात द्यायला पुढे आले. मी म्हटले, "थांबा, मी येते."

बेबी घराच्या पायरीवर उभी होती. काही महिन्यांमागे तिने मला पाहिले ते पांढरे, कडक, आडवे. आता मी उभी होते, माझ्या रोजच्या पातळात. ती मला ओळखायचा प्रयत्न करत होती.

मी हात पुढे केले. "ये, बेबी."

तिने पायरी सोडली नाही. आत्याबाई मागून म्हणाल्या, "जा की गं, आई हाय तुझी."

बेबीने मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "तू ये."

फाटकापासून पायरीपर्यंत फरसबंदी होती, मध्ये तुळस. मी निघाले. कोणी मला धरले नाही. डावा पाय फरशीवर घासत होता. ती त्या पायाकडे लक्ष देऊन बघत होती. मी तुळशीपाशी दम घ्यायला थांबले तर म्हणाली, "ये ना."

मी पायरीपाशी पोचले. मला वाकता येत नव्हते, तिला उचलता येत नव्हते. ती पायरीवर होती आणि मी खाली, तरी ती माझ्या पोटाएवढीच. तिने जरा विचार केला. मग ती वळली, धडपडत शेजारच्या ओट्यावर चढली, उभी राहिली, आणि तिथून तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

तुमची आजी